तो मी नव्हे, तो शेजारचा

गिरगावातल्या माणसाला स्वतःबद्दल काही सांगा म्हटलं की तो शेजाऱ्यांबद्दल सांगू लागतो. सुरुवात "आमच्या वर एक अण्णा राहायचे" अशी होते. मग अण्णांचा रेडिओ येतो, अण्णांच्या मेहुण्याचं बुडालेलं दुकान येतं, गच्चीत वाळत घातलेल्या कुरडया आणि त्यांच्यावर टपलेला कावळा येतो. तासाभरात ऐकणाऱ्याला अण्णांच्या तीन पिढ्या तोंडपाठ होतात. सांगणाऱ्याचं स्वतःचं काय, ते विचारायचं राहूनच जातं. दादरला हेच जरा हलक्या आवाजात होतं, लालबागला खणखणीत आवाजात. फरक तेवढाच.

या स्वभावानं मराठी विनोदाला भरपूर दिलं. पण एका प्रकाराला मात्र त्यानं आपल्याकडे नीट मूळ धरू दिलं नाही: स्वतःच्या रोजच्या जगण्यावरची, स्वतःच्या नावानिशी आणि नाकानिशी छापलेली चित्रकथा. आपल्या दोन पिढ्या ज्या कॉमिक्सवर वाढल्या त्यांतला वेताळ कवटीच्या गुहेत बसून चाच्यांचा बंदोबस्त करायचा. या दुसऱ्या प्रकारातला नायक विजेचं बिल भरायच्या रांगेत उभा राहतो, कपाळावर ढकललेला चष्मा घरभर शोधतो, बायकोशी भांडतो, भांडण कशावरून झालं ते विसरतो आणि दुसऱ्या दिवशी हेच सगळं कागदावर उतरवतो. अमेरिकेत जस्टिन ग्रीननं १९७२ साली 'बिंकी ब्राउन' काढून ही पायवाट पाडली. जपानमध्ये मोमोको साकुरानं १९८६ पासून 'चिबी मारुको-चान'मधून आपलं शाळकरी वय, आजोबांसकट, घराघरांत पोचवलं.

पण या जातीचा खरा मेरुमणी क्लीव्हलंडचा हार्वी पीकर. माजी सैनिकांच्या सरकारी इस्पितळात फाइल क्लार्क. जुन्या जॅझच्या तबकड्या जमवायचा नाद, कपाळावर कायमची आठी आणि चित्रकलेत भोपळा. तो कागदावर चौकोन आखायचा, त्यांत काड्यांची माणसं उभी करायचा, त्यांच्या डोक्यावर संवाद लिहायचा आणि तो कागद चित्रकार मित्रांकडे द्यायचा. त्यातला एक मित्र रॉबर्ट क्रम्ब, म्हणजे त्या काळातलं बडं प्रस्थ. १९७६ साली पीकरनं पदरचे पैसे घालून 'अमेरिकन स्प्लेंडर'चा पहिला अंक काढला. त्याच्या एका गाजलेल्या गोष्टीत घडतं ते एवढंच: दुकानात पैसे द्यायच्या रांगेत पुढे म्हाताऱ्या बाया असल्या की कसा खोळंबा होतो. पुढे तो टीव्हीवर झळकला, २००३ साली त्याच्यावर सिनेमा निघाला, पण २००१ मध्ये निवृत्त होईपर्यंत नोकरी त्यानं सोडली नाही. हा माणूस ठाकूरद्वारला सहज खपून गेला असता. कायमची नोकरी न सोडणं, रांगेतल्या पुढच्या माणसावर डाफरणं आणि आपलं काम दुसऱ्याकडून करून घेणं, या तिन्ही परीक्षांत तो पहिल्या वर्गात पास आहे.

कारकून हे तर गिरगाव-दादरचं मुख्य पीक. मग इथला पीकर कुठे आहे?

आहे, पण दुसऱ्याच्या नावावर. १९६४ साली 'असा मी असामी' आलं. बेन्सन जॉन्सन कंपनीत खर्डेघाशी करणारे धोंडो भिकाजी जोशी त्यात स्वतःची कहाणी सांगतात. धोतरातून पँटीत शिरायचा प्रसंग तर आजही लोक एकमेकांना ऐकवतात. आत्मचरित्राला लागणारं सगळं त्यात आहे. ज्याचं आत्मचरित्र तो माणूस तेवढा नाही. लिहिणारे पु. ल. देशपांडे जन्मले गावदेवीत, वाढले जोगेश्वरी-पार्ल्याकडे; प्राध्यापकी, नभोवाणी, रंगभूमी असं सगळं त्यांनी पालथं घातलं. म्हणजे गिरगावचा सगळ्यांत खरा आत्मचरित्रकार पार्लेकर निघाला. यावर गिरगावकरांनी कधी हरकत घेतली नाही, कारण धोंडोपंत आपल्याच चाळीत दुसऱ्या मजल्यावर राहायचे याबद्दल निदान चार चाळींची खात्री आहे. त्याच्याही आधीचे चिमणराव तसेच. तेही कारकून, तेही 'मी' म्हणून बोलणारे आणि तेही खोटे. त्यांना जन्म देणारे चि. वि. जोशी बडोद्याला पाली भाषा शिकवत होते.

चित्रांचंही तेच. पु.लं.च्या माणसांना चेहरे दिले ते वसंत सरवटे यांनी. सरवटे मूळचे कोल्हापूरचे, पेशानं इंजिनियर, नोकरी एसीसी या सिमेंट कंपनीत. म्हणजे ऑफिसला जाणाऱ्या मध्यमवर्गीयाचं आयुष्य त्यांना कुणी समजावून सांगायची गरज नव्हती, ते रोज तेच जगत होते. एवढं जवळचं साहित्य हाताशी असताना त्यांची रेष वळली ती इतरांकडे. त्यांचा एक गाजलेला चेहरा तर अशा माणसाचा आहे जो नव्हताच. 'ललित' मासिकात ठणठणपाळ हे सदर चालायचं. जयवंत दळवी त्या टोपणनावाआड बसून साहित्यिकांच्या टोप्या उडवायचे आणि सरवटे त्या टोपणनावाचं चित्र काढायचे. 'ललित' गिरगावातल्या मॅजेस्टिकच्या कोठावळ्यांचं. लेखक, चित्रकार, संपादक सगळे हाकेच्या अंतरावर. आणि इतक्या ओळखीच्या गोतावळ्यात सही कुणाची, तर ठणठणपाळाची.

ज्यांच्या बोटांत रेष खेळत होती, त्यांनीही स्वतःवर वेळ आली तेव्हा शब्दांचा आडोसा घेतला. आर. के. लक्ष्मण १९५१ पासून 'टाइम्स'च्या पहिल्या पानावर चौकड्यांच्या कोटातला कॉमन मॅन उभा करत होते. त्या माणसाला वरळीच्या समुद्रासमोर पुतळाही मिळाला. पण स्वतःची गोष्ट सांगायची ठरवली तेव्हा लक्ष्मणांनी रीतसर गद्य आत्मचरित्र लिहिलं; मराठीत ते 'लक्ष्मणरेषा' या नावानं आलं. शि. द. फडणीस जे. जे.चे विद्यार्थी. बसथांब्यावर उंदरांच्या नक्षीची साडी नेसलेली तरुणी आणि शेजारी मांजरांच्या नक्षीचा शर्ट घातलेला तरुण, हे त्यांचं 'मोहिनी'चं मुखपृष्ठ ज्यानं पाहिलं तो विसरला नाही. शब्दावाचून हसवणं हे त्यांचं वैशिष्ट्य. आणि आत्मकथन? 'रेषाटन'. त्यात चित्रं आहेतच, पण गोष्ट पुढे नेण्याचं काम शब्दांचं. पुण्याच्या 'सकाळ'मध्ये १९९१ साली चारुहास पंडित आणि प्रभाकर वाडेकर यांनी 'चिंटू' सुरू केला. घरातली अगदी बारीकसारीक गंमत त्यात आली, पण मधे एक मुलगा उभा करून. सगळ्यांनी सगळ्यांचं काढलं. 'हा मी' असं म्हणायची वेळ आली की मराठी चित्रकार सभ्यपणे बाजूला सरतो आणि शेजाऱ्याला पुढे करतो.

यात भित्रेपणापेक्षा अडचण जास्त आहे, आणि ती जागेची आहे.

परदेशी व्यंगचित्रकारांत एक टूम आहे. १ फेब्रुवारीला जागेपणीच्या प्रत्येक तासाला एक चौकट काढायची. दिवस संपला की त्या दिवसाचं चित्रचरित्र तयार. आपल्याकडे १ फेब्रुवारीला अर्थसंकल्प असतो आणि घरातले सगळे आयकराची मर्यादा ऐकायला टीव्हीसमोर बसलेले असतात, पण तेही रोजचं जगणंच आहे. तेव्हा मुगभाटातल्या एखाद्या होतकरू चित्रकारानं ही टूम मनावर घेतली असं समजू. तिसरा मजला, दहा बाय बाराची खोली, घरात पाच माणसं.

पहाटे पाच. पाणी आलंय. चौकटीत पिंप, दोन कळश्या, एक हंडा, आई, मोरीत वाकलेले बाबा आणि नळाला लावलेल्या पाइपचं दुसरं टोक धरलेला भाऊ. चित्रकार पिंपाच्या मागे आहे. सहा वाजता गॅलरीच्या टोकाला रांग. प्रत्येकाच्या हातात बादली, चेहऱ्यावर आपण इथे सहज फिरायला आलो आहोत असा भाव. या रांगेत उभं राहून गिरगावानं वकील दिले, गायक दिले, नट दिले. पण त्यांतल्या कुणालाही तिथे उभं असलेलं स्वतःचं चित्र नको असतं. सात वाजता पेपर येतो. पेपर एक, वाचणारी घरं चार; चित्रकाराच्या वाट्याला छोट्या जाहिरातींचं पान. आठला तो कठड्याला आरसा टांगून दाढी करतो. ही खास त्याची स्वतःची चौकट व्हायला हवी, पण जाणारा-येणारा प्रत्येक जण थांबून गालाखाली राहिलेला भाग दाखवतो. संध्याकाळी सात ते दहा सगळी दारं उघडी. एका घरातली मालिका, दुसऱ्या घरातल्या बातम्या आणि तिसऱ्या घरातला पाढे म्हणणारा मुलगा, सगळ्यांचे फुगे एकाच चौकटीत. रात्री अकराला गॅलरीत अंथरुणं पडतात. आता कुठे चित्राला हात घालावा, तर आतून आवाज येतो, "दिवा घालव."

अठरा चौकटींचा हिशेब लावला तर नायक दोनच ठिकाणी सापडतो. एकीकडे त्याची मान आणि दुसरीकडे बादली धरलेला हात. चाळीचा दर्शनी भाग कॉमिक्सच्या पानासारखा चौकोना-चौकोनांचा दिसतो खरा, पण इथली पात्रं आपापल्या चौकोनात राहायला मुळीच तयार नसतात.

परळ-लालबागला तर हा प्रश्न आणखी बिकट होता. गिरणीतल्या एकट्या कामगारांच्या खोलीत माणसं पाळीपाळीनं झोपायची. एक पहिल्या पाळीला निघाला की रात्रपाळीवरून आलेला त्याच्या जागी आडवा व्हायचा. गाव रत्नागिरीत किंवा साताऱ्यात, जेवण खानावळीत, ट्रंक खोलीच्या कोपऱ्यात. इथल्या तासाला एक चौकट काढली असती तर वळकटी तीच आणि नायक मात्र दर आठ तासांनी वेगळा. शिवाय चित्रातल्या आवाजांची सोय आधीच झालेली होती: गिरणीचा भोंगा. १९८२च्या संपानंतर एकेक भोंगा गप्प झाला. मसाला गल्लीतले डंक मात्र अजून चालू आहेत, आणि मिरची कुटली जात असताना लालबागचं चित्र खरं वठलं आहे की नाही याची कसोटी सोपी आहे. वाचकाला शिंक आली पाहिजे.

समजा, एवढं करूनही चित्रकथा पूर्ण झाली. खरी पंचाईत पुढेच आहे, कारण ती गॅलरीत दाखवावी लागते. परदेशात अशा वेळी आमच्या खासगी आयुष्यात का डोकावलात म्हणून भांडणं होतात. इथे खासगी असं काही नसल्यामुळे तक्रारी वेगळ्या असतात. समोरच्या वहिनींचं म्हणणं, आमचं दार उघडं दाखवलंय ते ठीक, पण आतला पसारा कशाला? काकांना आपलं पोट मान्य आहे, पण फाटकी बनियन मान्य नाही, कारण नवी होती आणि ती त्या दिवशी दोरीवर होती. सर्वांत जास्त रागावतात ते चित्रात नसलेले. कोपऱ्यातल्या खोलीतली मंडळी तर बोलणंच टाकतात. चाळीस वर्षं इथे राहतोय आणि आमची साधी पाठसुद्धा काढावीशी वाटली नाही?

यातून मराठीनं वाटा काढल्या, त्याही मजेदार आहेत. १९५१ साली मधुकर पाटकरांनी 'आवाज' हा दिवाळी अंक काढला. त्याची कीर्ती झाली ती खिडकीचित्रांनी. पानात एक खिडकी कापलेली. तिच्यातून भलतंच काही चाललेलं दिसतं, वाचणारा इकडेतिकडे बघून हळूच पान उलटतो आणि आत एखादी बाई शांतपणे कणीक तिंबत असते. थट्टा चित्रातल्या माणसाची होत नाही, बघणाऱ्याची होते. चाळीत राहिलेल्या माणसाला ही युक्ती कुणी शिकवावी लागत नाही. दुसरी वाट गणपतीच्या देखाव्यांची. केशवजी नाईकांच्या चाळीत १८९३ साली सार्वजनिक उत्सव सुरू झाला आणि पुढे गल्लोगल्ली चलचित्रं उभी राहिली. महागाई, पाण्याची टंचाई, हुंडा, मोबाइलमध्ये तोंड घातलेलं पोर, सगळं पुठ्ठ्यात आणि प्लास्टरमध्ये. पुतळ्याचा जबडा आधी हलतो, आवाज मागाहून लाउडस्पीकरमधून येतो, आणि रांगेतला प्रत्येक जण बायकोला सांगतो, "हे बघ, अगदी तुझ्या भावासारखं."

स्वतःच्या दिवसाचं स्वतः चित्र काढणारा एक माणूस मात्र खरोखर होऊन गेला, आणि तो दक्षिण मुंबईत वावरला. मारिओ मिरांडा. मूळ गोव्यातलं लोटली, जन्म १९२६चा. लहानपणी घराच्या भिंती रंगवायला लागला तेव्हा आईनं पाठीत धपाटा न घालता कोरी वही आणून दिली. मराठी घरात ही कथा वेगळ्या वळणानं गेली असती हे कबूल करायला हवं. त्या वहीची रोजनिशी झाली. १९४९, १९५० आणि १९५१ या वर्षांच्या त्याच्या वह्या म्हणजे दिवसागणिक चित्रं: मित्र, पाद्री, पार्ट्या, गावातली माणसं आणि मधे लांब नाकाचा तो स्वतः. तेव्हा कुणाला या प्रकाराला नाव द्यायचंही सुचलं नव्हतं. क्लीव्हलंडचा पीकर त्या वेळी शाळेत होता. पुढे मारिओ 'टाइम्स'च्या मंडळींत नावाजला, मिस फोन्सेका आणि मिस निंबूपानी घरोघरी पोचल्या, कुलाब्याच्या कॅफे मोंडेगारच्या भिंती त्याच्या माणसांनी भरल्या. भिंतीवर काढायची हौस अखेर फिटली. वह्या मात्र सुमारे साठ वर्षांनी पुस्तकरूपानं बाहेर आल्या, जेरार्ड द कुन्हा या गोव्यातल्या आर्किटेक्टच्या खटपटीनं. आणि मारिओच्या व्यंगचित्रांतल्या ऑफिसात खाली मान घालून काम करणारा कारकून कोण? गोडबोले. पोर्तुगीज वळणाच्या घरात वाढलेल्या चित्रकारालाही कारकून म्हटल्यावर गिरगाव-दादरकडेच बघावं लागलं.

'तो मी नव्हे' म्हणण्याची ही चैन सगळ्यांना परवडणारी नव्हती. डॉ. बाबासाहेब आंबेडकर परळच्या बीआयटी चाळीत दोन दशकांहून जास्त काळ राहिले. स्वतःच्या वाट्याला आलेले अस्पृश्यतेचे प्रसंग त्यांनी 'वेटिंग फॉर अ व्हिसा' या छोट्या लेखनात सांगितले, कुठलाही धोंडोपंत मधे न घालता. २०११ साली त्यांवर 'भीमायन' ही चित्रकादंबरी आली. दुर्गाबाई आणि सुभाष व्याम या परधान गोंड कलावंतांनी ती चितारताना नेहमीच्या चौकटी वापरायचं नाकारलं. माणसांना डब्यात कोंबणं त्यांना पटेना. बोलण्याचे फुगेही त्यांनी निराळे केले: साध्या, मायेच्या बोलण्याला पक्ष्याचा आकार आणि विखारी बोलण्याला विंचवाची नांगी. दगडू मारुती पवारांनी, म्हणजे दया पवारांनी, १९७८ साली 'बलुतं'मध्ये कावाखान्यातलं लहानपण मांडलं, तेही असंच उघड. मध्यमवर्गाचा कारकून टोपणनाव शोधत होता त्याच शहरात हे चाललं होतं.

आणि बायका? त्या तर कधीपासून सही करून बसल्या आहेत. रमाबाई रानड्यांच्या आठवणी १९१०च्या. लक्ष्मीबाई टिळकांनी नवऱ्याचा विक्षिप्तपणा, स्वतःची फजिती आणि पदरात पडलेली माणसं सगळं 'स्मृतिचित्रे'मध्ये नावानिशी सांगितलं, तेही लोकांना पोट धरधरून हसवत. सगळ्यांत मोठी गंमत गिरगावच्या खटाववाडीत घडली. तिथल्या मौजेनं 'बटाट्याची चाळ' छापली, जिच्यात पु.लं.नी अख्ख्या चाळीची हजेरी घेतली. त्याच मौजेनं १९९० साली पु.लं.च्या पत्नी सुनीताबाई देशपांड्यांचं 'आहे मनोहर तरी' छापलं. त्यात ना धोंडो भिकाजी, ना चाळ. भाई म्हणजे भाई आणि मी म्हणजे मी. महाराष्ट्राला धक्का बसला. लाडक्या लेखकाच्या घरातलं असं बाहेर सांगतात का, म्हणून लोक हळहळले आणि हळहळतच पुस्तक विकत घेत राहिले. बटाट्याच्या चाळीतल्या कुणाच्याही घरातलं सांगितलेलं याच लोकांना तीस वर्षं चालत आलं होतं.

आता चाळी पडताहेत, त्यांच्या जागी टॉवर येताहेत. गॅलरी गेली आणि तिचं काम सोसायटीच्या व्हॉट्सॲप ग्रुपनं हाती घेतलं. पाण्याची वेळ, हरवलेली किल्ली, कुणाच्या घरातून ड्रिलचा आवाज येतो आहे त्याची चौकशी, सगळं तिथे. मुलांकडे टॅब आहेत, रंग फुकट आहेत, खोली स्वतःची आहे, दाराला आतून कडी आहे. मराठी मुलंमुली स्वतःच्या घरातली चार चौकटींची चित्रं काढून मोबाइलवर टाकू लागली आहेत: आईची फ्रिजमधल्या डब्यांवरची मालकी, लोकलमधली चौथी सीट, लग्नाबद्दल विचारणारी आत्या. खाली खरं नाव असतं.

अशी एखादी मुलगी आपलं पहिलं चित्र घरात दाखवते तेव्हा आई ते लांब धरून नीट बघते आणि म्हणते, ओट्यावर एवढी भांडी मी कधी ठेवते? बाबा चष्मा पुसून बघतात. चौथ्या चौकटीच्या कोपऱ्यात पेपरामागे त्यांचं डोकं आहे, त्यावर पाच केस. बाबा केस मोजतात, स्वतःचा हात डोक्यावरून फिरवतात आणि चित्र सोसायटीच्या ग्रुपवर टाकतात. खाली लिहितात: दुसऱ्या मजल्यावरचे देशमुख दिसताहेत.